परक्या आट्यांचा प्लग

लाँड्रीच्या बॉयलरचं भोक बंद करणारा नवा आट्यांचा प्लग धाकट्याने घट्ट बसवला आणि पाना पुसून बाजूला ठेवला. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या.

"तुमच्या भावाचा हात काय सफाईने चालतो हो!" त्या थोरल्याला म्हणाल्या. "तुमच्यासारखी आदळआपट नाही."

थोरला हसला, पण त्याच्या पोटात दुखलंच. या पठ्ठ्याच्या हातात पाना पहिल्यांदा दिला कोणी? आता जो तो धाकट्यालाच बोलावतो, आणि थोरला आपला हत्यारांची पिशवी उचलायला!

प्लग त्याने मघाशीच ओळखला होता. परदेशी मशिनच्या सुट्या भागांच्या डब्यातला, दुसऱ्या पद्धतीच्या आट्यांचा. जाडी तीच, इंचाला आटेही तितकेच. फरक फक्त आट्यांच्या कोनात. असा प्लग दोन-तीन फेरे निमूट आत जातो, मग आवळतो, आणि माणसाला वाटतं झालं काम. खरं तर तो नुसता कडांवर अडकलेला असतो. वाफेचा जोर चढला की त्याचा भरवसा नाही. बाकी सगळं काम शिकवलं, तरी एवढी गोष्ट थोरल्याने धाकट्याला मुद्दामच सांगितली नव्हती.

"दादा, तू एकदा बघून घे ना," धाकटा म्हणाला.

थोरल्याने वाकून प्लगवरून बोट फिरवलं. आधी थोडा गळेलच, तेव्हा बर्नर बंद करू. बाईंच्या देखत जरा जिरू दे याची.

"बरोबर आहे. पेटव."

बर्नर पेटला. वाफेचा दाब दाखवणारा गेजचा काटा चढत गेला आणि प्लगच्या कडेने फुसफुस सुरू झाली.

"अहो, हे काय?" बाईंच्या कपाळाला आठी पडली. थोरल्याला मनातून बरं वाटलं.

तेवढ्यात धाकटा खाली बसला आणि वाफ कुठून येतेय ते बघायला त्याने तोंड थेट प्लगसमोर नेलं.

"मागे हो!" थोरल्याने कॉलर धरून त्याला बाजूला खेचलं. दोघेही फरशीवर आपटले. प्लग सुटला, समोरच्या भिंतीचा गिलावा उडाला. बाई किंचाळत बाहेर पळाल्या. थोरल्याने चाचपडत बर्नर बंद केला.

बऱ्याच वेळाने वाफ ओसरली. धाकटा भिंतीकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

थोरला हत्यारं पिशवीत भरू लागला.

"तू 'बरोबर आहे' म्हणालास, दादा," धाकटा हळूच म्हणाला. "म्हणून तर मी तोंड जवळ नेलं."