चिकातला दाणा

खरेदी केंद्रातल्या यंत्रावर काचेच्या भांड्यात रबराचा चीक गरागरा घुसळला जात होता आणि सलोनीचा पाय काही केल्या जमिनीवर टिकत नव्हता.

"पायाक भिंगरी लागली काय गो?" आई पुटपुटली. तिच्या झाडांचा हा पहिलाच चीक. तपासणीत तो दुधासारखा लवकर फुटला, तर अख्खा ड्रम परत.

ड्रम तांब्याच्या हंड्यासारखा लखलखावा म्हणून सकाळी सलोनीने तो कोकमाने घासला होता. आंबटाने चीक फुटतो, हे शाळेत शिकलेली असूनही तेव्हा सुचलंच नव्हतं! आता नीट विसळला होता का, तेच आठवेना.

तपासणाऱ्या काकांनी काडीने एक थेंब तिच्याच तळहातावर पसरला. "तुझे डोळे तरणे. चीक फुटल्याचा दाणा दिसला की ओरड."

गुळगुळीत. थोड्या वेळाने पुढचा थेंब, तोही गुळगुळीत. मग बारीकसा पांढरा दाणा. मूठ मिटावी?

"आला!" ती रडवेली होऊन ओरडली. "मीच ड्रम कोकमाने घासला, काका!"

घड्याळ बघून काका हसले. "अगो, एवढं घुसळल्यावर दाणा कुणाच्याही चिकात येतो. तुमचा मात्र हवा तेवढा वेळ टिकला. पास!"

तळहातावरचा थेंब एव्हाना वाळला होता. सलोनीने तो सोलून ताणला आणि आईच्या दंडावर टप्पकन सोडला.