कुठली गल्ली?

राजारामपुरीतल्या लॅबमध्ये नवा सर्व्हर बसवायला इंजिनिअर आला, तसे मालक आबासाहेब त्याला न्याहाळू लागले.

"पूर्ण नाव काय, पावणं?"

"प्रसेनजीत यशवंत."

"व्हय, पर आडनाव?"

तो नुसता हसला आणि सर्व्हर रॅकमध्ये सरकवून स्क्रू आवळू लागला.

"गाव?"

"आजरा."

"आजऱ्यात कुठली गल्ली?"

तो वायरी जोडण्यात गुंतला, तशी आबांच्या मनात पाल चुकचुकली. हजारो पेशंटांचे रिपोर्ट ह्याच्या हातात द्यायचे? त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या पाठीमागं ठाण मांडून बसले.

शेवटी प्रसेनजीतनं पासवर्ड त्यांनाच ठेवायला सांगितला आणि आपण भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आबांनी संशयापोटी तो इतका अवघड ठेवला, की लॉगिन करताना त्यांनाच आठवेना. मशीननं तीनदा नकार दिला, तसे ते उखडले.

"आरं, मालक हाय मी हितला! मला वळखत न्हाय व्हय हे?"

"न्हाय वळखत, आबा. पासवर्ड तेवढा बघतंय. आडनाव, गाव, गल्ली कुणालाच इचारत न्हाय."

प्रसेनजीतनं शेवटचा स्क्रू आवळला.



"म्हणून तर ह्या लायनीत आलो."