उपासाचा सारमा

नव्या व्याह्यांनी काटा बशीत ठेवला आणि रुमालाने ओठ टिपले. "माफ करा," ते म्हणाले, "पण हा खिमा आहे. गाईचा. मानेकडचा."

टेबलाभोवतीची चौदा माणसं जागच्या जागी थिजली. संत निकोलाचा दिवस, घराण्याच्या संताचा सण, तोही नाताळाआधीच्या उपासात आलेला. मासे चालतील, अक्रोड चालतील, मांसाचा कणही चालायचा नाही. आणि बोलणारा माणूस ऐरागैरा नव्हता. मिलादिन चाळीस वर्षं चाचाक शहराच्या बाजारात खाटकाचं दुकान चालवत होते. वसंतात त्यांच्या मुलाशी या घरच्या सोफियाचं लग्न व्हायचं होतं.

सोफियाची वहिनी तियाना हातात वाढायचा डाव घेऊन उभी होती. तिचे कान तापले. सारमा तिने केला होता. सासूबाईंच्या, म्हणजे रादोयकाबाईंच्या, मनगटांनी यंदा दगा दिला, म्हणून लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पातेलं पहिल्यांदा तिच्या हाती आलं होतं. रादोयकाबाईंचा उपासाचा सारमा म्हणजे साऱ्या गल्लीत नाव. आंबवलेल्या कोबीच्या पानांच्या त्या गुंडाळ्या बाई दार लावून एकट्या करायच्या. मांजरीलासुद्धा त्या दिवशी सरपणाच्या खोपीत कोंडायच्या. आजही सवयीने कोंडलीच होती. कृती विचारली की म्हणायच्या, "त्यात काय गं, तांदूळ, अक्रोड आणि हात."

तियानाने तांदूळ-अक्रोड घालून चारदा करून पाहिला. छे! ती चव काही येईना. मग तिने सोयाचा खिमा आणला. वाळवलेल्या अळंबीच्या पाण्यात भिजवला, पार काळपट होईपर्यंत कांद्याबरोबर परतला, धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड टाकली. आज सकाळी चाखला आणि स्वयंपाकघरात तिने चक्क उडी मारली. जमलं होतं! हुबेहूब सासूबाईंची चव! आणि आता हे.

"काहीतरीच काय, व्याही!" चुलतसासरे स्तानोये भडकले. "तीस वर्षं याच टेबलावर हाच सारमा खातोय मी. रादोयकावहिनीच्या हातची चव आणि हिच्या हातची, तसूभर फरक नाही. वहिनीने काय तीस वर्षं आम्हाला मांस खाऊ घातलं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. रादोयकाबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सोया आहे तो," तियाना म्हणाली. "शप्पथ सांगते, नुसता सोया."

"पोरी, खिमा काढण्यात जन्म गेला माझा. ही जीभ फसायची नाही."

एकेक काटा खाली जाऊ लागला. देवासमोर मेणबत्ती तेवत होती आणि सगळे तियानाकडे बघत होते. रादोयकाबाई उठल्या, तिच्याजवळ आल्या, कानाशी लागल्या. "खरं सांग. मूठभरच घातलास ना? घाबरू नकोस, मी सांभाळून घेते."

व्याह्यांचं बोलणं एक वेळ परवडलं. हे मात्र तियानाला लागलं. घरातलं माणूससुद्धा विश्वास ठेवायला तयार नाही! तिचे डोळे भरून आले आणि डोक्यात तिडीक गेली.

"सोफिया," ती ओरडली, "मांजर आण!"

"अगं, नको..." रादोयकाबाई म्हणाल्या, पण सोफिया खोपीकडे पळालीसुद्धा.

"वा!" मिलादिननी मांडीवर थाप मारली. "मांजर खोटं बोलत नाही. माझ्या दुकानासमोर रोज सात बसतात. तिने खाल्लं, तर मी उठून घरी जातो."

"आणि नाही खाल्लं तर?" स्तानोयेंनी विचारलं.

"तर उरलेलं पातेलं मी एकटा संपवतो!"

मांजर आली. सकाळपासून कोंडलेली, भुकेने पिसाळलेली. तियानाने एक गुंडाळी फोडली, आतलं सारण बशीत काढलं आणि बशी जमिनीवर ठेवली. पोरंसोरं खुर्च्यांवर चढली. मांजरीने नाक लावलं. एकदा, दोनदा. मग ती फटकन शिंकली, पंजा झटकला, आणि एका झेपेत टेबलावर जाऊन थेट माशाच्या ताटात पडली.

एकच गलका उसळला! स्तानोये टाळ्या पिटत होते, सोफिया वहिनीच्या गळ्यात पडली होती, माशाचं डोकं घेऊन मांजर कपाटावर. मिलादिन उठले, रीतीप्रमाणे तियानाच्या गालांचे तीनदा मुके घेतले आणि म्हणाले, "हरलो, बाई! तू माझं दुकान बुडवणार. आण ते पातेलं इकडे!"

पातेलं आणायला तियाना स्वयंपाकघरात धावली. नुसती तरंगत होती. मागोमाग रादोयकाबाई आल्या. त्यांनी दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

"एक कणही नाही? खरंच?"

"नाही म्हणून किती वेळा सांगू, आई?"

"नवी नवरी होते तेव्हा माझा पहिला सारमा पचपचीत झाला होता," रादोयकाबाई म्हणाल्या. "सासू चारचौघांत म्हणाली, कुत्रंही तोंड लावायचं नाही. दुसऱ्या वर्षी मी दार लावलं आणि मूठभर खिमा घातला. गाईचा. मानेकडचा. जो तो वाहवा करू लागला. मग थांबायचं कसं, तूच सांग."

बाहेर मिलादिन पातेल्यासाठी टेबल बडवत होते.

रादोयकाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि सुनेचे दोन्ही हात घट्ट धरले. "पोरी, तीस वर्षांत या घराला आज पहिल्यांदा उपास घडला."