झोपलेलं कार्ड

वॉर्डातल्या आजोबांचे ठोके मंदावले तरी नर्ससमोरचा अलार्म वाजला नाही, कारण ठोक्यांची खबर तिच्यापर्यंत पोचवणारं मॉनिटरचं नेटवर्क कार्ड वीज वाचवायला झोपी गेलं होतं. आजोबा थोडक्यात वाचले. आता ते कार्ड मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीत साहेबांच्या टेबलावर पडलं होतं आणि अलार्मचा प्रोग्राम लिहिणारी पोरगी रडकुंडीला आली होती. "सर, 'कार्डाला झोपू देऊ नकोस' अशी विनंती मी त्याच्या ड्रायव्हरला पाठवली होती. त्याने 'झालं' म्हणून कळवलंही!" ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड लिहिणारा पोरगा शेजारीच उभा होता. डेडलाइनच्या घाईत त्यानेच पळवाट काढली होती: अनोळखी विनंती आली की कार्डापर्यंत न पोचवताच 'झालं' म्हणून मोकळं व्हायचं. साहेब त्याच्याकडे वळले. "तुझ्या ड्रायव्हरचं तपासून झालं का रे?" खरं सांगायला त्याने तोंड उघडलंही, पण बाहेर पडलं, "झालं, सर." "मग माझंच काहीतरी चुकलं असणार," पोरगी म्हणाली.