भुरीची पापणी

नूतनने वांग्याच्या भरतात मिरच्या कमीच घातल्या होत्या.

"त्यांना तिखट लागतं," चुलीजवळच्या कोपऱ्यातून सुलक्षणा म्हणाली. नूतन भाकरी थापत राहिली. सुलक्षणाच्या बोलण्याला उत्तर द्यायची रीत या घरातून केव्हाच उठली होती.

काठवट सुलक्षणाची, तवा तिचा, दारातली तुळस तिच्या हातची. नवराही तिचाच. तो आता नूतनच्या हातचं गुमान खात होता. नूतनच्या गळ्यात काळ्या मण्यांच्या जोडीला चांदीचं काहीतरी होतं. ते ती पदराआड जपून ठेवायची. लग्नाआधी दीपकने धुळ्याच्या सोनाराकडून ते घडवून घेतलं होतं. सुलक्षणाला त्याने कधी चांदीचा मणीसुद्धा आणला नव्हता.

तिची म्हणून उरली होती ती भुरी. बोटाने दूध चाटवून वाढवलेली राखी मांजर.

"ही डोळाच लववत नाही हो," नूतन म्हणाली. "चोरावर नजर ठेवावी तशी बघते माझ्याकडे."

दीपक हसला. "नवी शेस ना तू. मांजरीला आपल्यासारखी पापणी लववावी लागत नाही. पण आपलं माणूस समोर आलं की ती मुद्दाम डोळे मिटते. सावकाश. भरोसा बसला म्हणजे."

"हे कोणी शिकवलं?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "होतं शिकवलेलं कोणीतरी."

कोणीतरी! सुलक्षणाच्या उरात जाळ झाला. नाव घेतलं तर जीभ झडणार होती का?

"काय व भुरी, कोपऱ्यात काय देखस?" दीपक म्हणाला.

भुरीने कोपऱ्याकडे बघत सावकाश डोळे मिटले, सावकाश उघडले. एवढंच सुलक्षणाचं राज्य. ती तिथून दोघांना बघत राहिली, पापणी न लववता.

दीपक कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला. नूतनने भाकरी दुधात कुस्करून भुरीपुढे ठेवली, स्वतःचं ताट घेऊन समोर बसली आणि हळूच पापण्या खाली आणल्या. सांज उतरते तशा.

"मिटू नको," सुलक्षणा म्हणाली. "भुरे, माझी आण आहे तुला."

भुरीने नूतनकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिचे डोळे बारीक होत होत मिटले.

गेलं. तेवढंही गेलं.

नूतनने पदराआडची चांदी बाहेर काढली. चांदीच्या पत्र्याचा टाक होता तो, दुसरेपणावर आलेल्या बाईने वारलेल्या पहिलीच्या नावाने गळ्यात घालायचा. त्यावर कोरलेल्या डोळ्यांना पापण्या नव्हत्या. तिने पहिला घास टाकाला टेकवला.

"सुलक्षणाअक्का," ती म्हणाली, "तुमच्या भुरीने मिटले डोळे. आता तुम्हीपण मिटा."