दुसरी सीडी टाका

"दुसरी सीडी टाका" अशी सूचना स्क्रीनवर आली आणि पहिलीच ड्राइव्हमधून निघेना. सिंधुनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ड्राइव्ह नुसताच घरघरला. सकाळपासूनची ही पाचवी खेप होती.

"काकू, ड्राइव्हच्या बारक्या भोकात टाचणी घालून काढून बघा," फोनवर शिवांगी म्हणाली. ती सिंधुच्या नवऱ्याची, वैजनाथ सरांची, जुनी विद्यार्थिनी. आता लातूरला नोकरीला होती.

"काढली की. निघती, पण मग सगळं अडकून पडतंय. परत पहिल्यापासून करावं लागतंय."

"मग मला बी काही सुचंना. असलं सरांनाच..." शिवांगी मध्येच थांबली. नंतर करते म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सर शेजारीच चाकाच्या खुर्चीत बसले होते. मुदखेडमध्ये वीस वर्षं त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास चालवला होता. चार महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येईल. त्यांच्या जिवाभावाचं काहीतरी समोर ठेवा.

म्हणून सिंधुनं सरांचा आवडता, दोन सीडींवरचा रेल्वेचा गेम शोधून काढला होता. रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या. खेळताना सर मोठ्यानं स्टेशनं पुकारायचे. मुदखेड, उमरी, धर्माबाद. पण गेम जुन्या विंडोजचा आणि घरच्या कॉम्प्युटरवर सरांनी विंडोज काढून केव्हाच लिनक्स टाकलेलं, त्यामुळं तो सरळ चढत नव्हता. शिवांगी सांगत गेली तसं सिंधुनं स्क्रीनवरच्या कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर टाइप केलं होतं.

तिनं कीबोर्ड बाजूला सारला.

"साऱ्या गावाला शिकवलंत," ती म्हणाली. "मलाच तेवढं न्हाई शिकवलं." आणि टेबलावर डोकं टेकून ती रडू लागली.

"बा... हेर."

सिंधुनं मान वर केली. घोगरा, ओढून काढल्यासारखा आवाज. पण सरांचाच.

"बाहेर जायचंय? चला, नेते." ती धडपडत उठली आणि खुर्ची ओढू लागली. सरांनी डाव्या हातानं टेबल घट्ट धरलं. मग बोट काळ्या खिडकीवर टेकवलं. तिथं सीडीच्या फोल्डरचं नाव होतं.

"बाहेर," ते चिडून म्हणाले. क्लासमध्ये चिडायचे तसेच. "बाहेर ये."

आता तिच्या ध्यानात आलं. ती सीडीच्या फोल्डरात शिरून तिथूनच गेम चढवायचा सेटअप चालवत होती. म्हणून कॉम्प्युटर ती सीडी सोडत नव्हता. तिनं सगळं बंद केलं, फोल्डरमधून बाहेर पडली आणि बाहेरूनच सेटअप चालू केला. वीस मिनिटांनी तीच सूचना आली. तिनं बटण दाबलं. ट्रे अलगद बाहेर आला.

सर हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. सिंधु त्यांच्याकडे बघत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. ते पुढं काही बोलले नाहीत.

दुसरी सीडी तिच्या हातात होती. तिनं ती डबीत ठेवून दिली. पहिली होती तशीच आत ढकलली, चालू झालेलं सगळं रद्द केलं आणि मुद्दाम पुन्हा सीडीच्याच फोल्डरात शिरून सेटअप चालू केला.

ट्रे पुन्हा अडकला तशी आपली खुर्ची सरांच्या जवळ ओढून तिनं विचारलं, "अहो, आता काय करू?"