अकराची तक्रार

बरोबर अकराला दार वाजलं तशी डायना उठली. खालच्या मजल्यावरचे पोपटराव आप्पाच असणार. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे, आणि रोज याच वेळेला वर यायचे.

"आवरा त्या पोराला," आत येत ते मोठ्यानं म्हणाले. "डोक्यावर नुसतं धाडधाड चाललंय!"

दोन वर्षांचा ब्लेसन हातातला डबा टाकून पळत आला आणि त्यांच्या पायांना बिलगला. पोराला काय कळतंय! डायनानं गुपचूप चहा टाकला. शिक्रापुरात भाड्याची खोली मिळणं सोपं का असतं? भांडून कसं भागेल?

कुकरची शिट्टी झाली तशी ती दचकली. आप्पा मात्र ब्लेसनला मांडीवर घेऊन बशीतला चहा फुंकत होते.

"गोधड्या अंथरल्यात आप्पा. पायमोजे बी घालते त्याला."

बोलताना आप्पा तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचे. ती नजर तिला नको व्हायची.

"तरीबी लय आवाज येतोय," ते म्हणाले, आणि अर्ध्या तासानं उठले.

पाच महिने रोज हेच. डायनानं पोराची गाडी माळ्यावर टाकली, चेंडू लपवला. पळालं की पाठीत धपाटा. दोन वर्षांचं लेकरू, आणि घरात चवड्यांवर चालायला शिकलं! बघून तिला रडू यायचं.

एके दिवशी ब्लेसन तापानं फणफणला. सकाळपासून उठलाच नव्हता. अकराला आप्पा हजर.

"आज तर लयच धिंगाणा घालतंय!"

डायनाचा तोल सुटला. "धिंगाणा? बघा तिकडं! निपचित पडलंय लेकरू. जरा देवाला भ्या, आप्पा!"

आप्पांनी जाऊन पोराच्या कपाळावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले, पण डायनाला आता त्यांची कसलीच माया खरी वाटत नव्हती.

"म्हातारा मुद्दाम छळतोय," तिचा नवरा एडविन म्हणाला. "केडगावला आईकडं जाऊ. कंपनीत मी गाडीवर ये-जा करीन."

आठवड्यानं टेम्पो आला. सकाळी कपाट ओढताना अख्खी बिल्डिंग हादरली, तरी आप्पा काही वर आले नाहीत. मनासारखं झालं ना, आता कशाला येतील, डायना पुटपुटली.

पण दोन शब्द सुनावल्याशिवाय जायचं तिच्या जिवावर आलं. पोराला कडेवर घेऊन तिनं त्यांची बेल दाबली. एकदा, दोनदा, चारदा. दार उघडेना. खिडकीतून आप्पा तर दिसत होते. धुतलेला सदरा घालून, बिस्किटाचा पुडा हातात धरून, घड्याळाकडं बघत बसलेले. अकराला पाच मिनिटं कमी होती.

समोरच्या गिताबाई दारात आल्या.

"बेल कशाला दाबतीस पोरी? खिडकीतनं हात हलव. कंपनीत प्रेस मशिनच्या आवाजानं कान गेले त्यांचे. धा वर्सं झाली, आप्पांना कायबी ऐकू येत न्हाई."